पट्टी चार बोटांची, कसोटी ताण्याची

सहीह बुखारीत हजरत सहल बिन साद (रजि.) यांनी सांगितलेली एक हकीगत आहे. एक स्त्री प्रेषितांकडे (स.) एक चादर घेऊन आली. ही मी माझ्या हातांनी विणली आहे, आपण वापरावी म्हणून आणली आहे, असे ती म्हणाली. प्रेषितांना (स.) कपड्याची गरज होती. त्यांनी ती स्वीकारली आणि तीच नेसून बाहेर आले. एका सहाबींना ती फार आवडली, त्यांनी मागितली आणि प्रेषितांनी (स.) ती देऊन टाकली. प्रेषित (स.) कुणाला नाही म्हणत नाहीत हे ठाऊक असून तुम्ही का मागितलीत, म्हणून लोक नाराज झाले. तेव्हा ते सहाबी म्हणाले की नेसायला नव्हे, माझ्या कफनासाठी मागितली. पुढे तीच चादर त्यांचे कफन झाली.

ही हकीगत आपल्याकडे बहुधा दिलदारीचा दाखला म्हणून सांगितली जाते. तिच्यातला एक बारीक तपशील मात्र कानाआड जातो. सहल (रजि.) ऐकणाऱ्यांना विचारतात, बुरदा म्हणजे काय ठाऊक आहे का? आणि मग तिची ओळख करून देतात: किनार अंगातच विणलेली चादर. मोठ्या कापडातून फाडून काढलेला तुकडा नव्हे, तर मागावरून अखंड उतरलेले वस्त्र, अशी फोड हदीसचे भाष्यकार करतात. त्या बाईचे नाव आपल्यापर्यंत आलेले नाही. तिच्या कामातली किनार मात्र आली.

मागावर बसलेल्या माणसाला याचे नवल वाटणार नाही. कापडाच्या मध्यभागी थोडे इकडचे तिकडे झाले तर ते खपून जाते, किनार मात्र लगेच चुगली करते. ताण कुठे सैल पडला, हात कुठे घाईत होता, ते सारे तिथे उमटते. आणि अरुंद पट्टी म्हणजे तर सगळी किनारच. दोन कडांच्या मध्ये लपायला जागाच नसते.

घरात जुनी खाट असेल तर तिची नवार हातात घेऊन पाहा. दिसतात ते जवळजवळ सगळे उभे धागे, म्हणजे ताणा. आडवा धागा, म्हणजे बाणा, आत दडलेला असतो. कडेवर वळताना तेवढा डोकावतो. अशा विणीत रंग, नक्षी, रुंदी, मजबुती हे सगळे ताण्याच्या हाती. रुंद कापडात फणी प्रत्येक उभ्या तारेला तिच्या जागी धरून ठेवते. हाताने विणलेल्या पट्टीला बहुधा फणीही नसते. ताणा जसा ओढला तशीच पट्टी होणार.

मुस्लिम पोशाखात अरुंद पट्टीला मान मिळण्याचे एक खास कारण आहे. पुरुषांना रेशीम वर्ज्य, पण सहीह मुस्लिममध्ये हजरत उमर (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीसप्रमाणे दोन, तीन किंवा चार बोटांएवढ्या रेशमाची सवलत आहे. हजरत अस्मा (रजि.) यांनी जपून ठेवलेल्या प्रेषितांच्या (स.) जुब्ब्यालाही रेशमी काठ होता. चार बोटे ही जागा थोडी खरी, पण कारागिराला ती पुरली. या लेखात मात्र रेशमाची गोष्ट नाही. लोकर, बकरीचे केस आणि ते विणणाऱ्या वाळवंटातल्या बायकांची आहे.

कुवेत, सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिराती या देशांत बद्दू स्त्रियांच्या विणकामाला ‘सदू’ म्हणतात. आपल्या कोकणातली किती तरी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या कुवेत-दुबईला नोकरीधंद्यासाठी जात आली आहेत. त्यांच्यापैकी अनेकांच्या दिवाणखान्यात लाल-काळ्या पट्ट्यांचा, पांढऱ्या त्रिकोणांचा एखादा तक्क्या किंवा भिंतीवरचा पट्टा असतो. ती नक्षी सदूची. पण बाजारात मिळणारे बरेचसे कापड यंत्रावर विणलेले किंवा नुसते छापलेले असते. खरा सदू जमिनीवर अंथरलेल्या मागावर, वालुकेत मेखा ठोकून विणला जातो.

सूरह नहलच्या ८०व्या आयतीत अल्लाहने आपल्या देणग्यांमध्ये जनावरांच्या कातड्यांच्या घरांचा उल्लेख केला आहे, जी मुक्कामाला आणि प्रवासालाही हलकी वाटतात. आणि त्याच ओघात लोकर, लव व केस यांपासून होणाऱ्या संसारोपयोगी वस्तूंचाही. बद्दूंचे घर त्या वर्णनाच्या अगदी जवळचे आहे. त्याला ते ‘बैत अश-शअर’, केसांचे घर, म्हणतात. तंबूचे छत बकरीच्या काळ्या केसांच्या लांब पट्ट्या एकमेकींना शिवून होते. पाऊस पडला की हे केस फुगतात, वीण आवळते आणि पाणी सहसा आत येत नाही. उन्हाळ्यात त्याच विणीतून हवा खेळते.

या छताच्या आतल्या बाजूने, खांब जिथे टेकतात तिथे, आडव्या अरुंद पट्ट्या शिवलेल्या असतात. दोऱ्या बांधल्या जातात त्या या पट्ट्यांच्या टोकांना. वारा सुटला की सगळा ताण छताच्या कापडावर न येता या पट्ट्यांवर येतो. म्हणजे घर उभे राहते ते अरुंद पट्टीच्या जिवावर. उंटाच्या खोगिराचे पट्टे, सामान आवळायचे बंद, पिशव्यांच्या कडा याही तशाच पट्ट्या. यांतली एक जरी मध्येच सैल विणली गेली असेल तर ती नेमकी तिथेच ताणली जाते, आणि वादळी रात्री किंवा चढावरच्या उंटाच्या पाठीवर ते कळते. शोभेच्या कामात ताणाची चूक डोळ्याला खुपते, इथे ती संसारावर येते.

आता ताणा कसा ओढतात ते पाहू. खरी मेख, दोन्ही अर्थांनी, इथेच आहे.

जमिनीत चार मेखा ठोकून त्यांना समोरासमोर दोन दांडे बांधतात. पूर्वी लाकडी असत, आता लोखंडी नळीही चालते. दोन दांड्यांमधले अंतर पट्टीच्या लांबीएवढे. दोघीजणी दोन टोकांना बसतात आणि तिसरी, बहुतेक वेळा घरातली मुलगी, सुताचा गुंडा घेऊन या टोकाकडून त्या टोकाकडे येरझारा घालते. धागा एका दांड्याच्या वरून, दुसऱ्याच्या खालून असा इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरतो. त्यामुळे मधोमध धाग्यांची फुली पडते. ही फुली म्हणजे मागाची स्मरणशक्ती. कोणती तार कोणत्या तारेनंतर आली हे ती धरून ठेवते, आणि विणताना वरच्या व खालच्या तारा वेगळ्या होतात त्याही तिच्याच आधाराने.

येरझारा घालणाऱ्या मुलीला वाटते आपण नुसते पळतो आहोत. टोकाशी बसलेल्या बायकांचे काम अवघड. प्रत्येक फेऱ्याला धागा दांड्यावर चढवताना बोटांनी तितकाच ओढायचा, जितका मागचा ओढला होता. मोजायला काटा नाही, तराजू नाही. बोटाला जाणवते तेवढेच माप. म्हणून एक नियम जवळपास सगळीकडे पाळला जातो: ताणा ओढायला बसलेली बाई मध्येच बदलायची नाही. प्रत्येकीचा हात वेगळा. एकीने अर्धा आणि दुसरीने अर्धा ताणा ओढला तर पट्टीच्या दोन बाजू दोन वेगळ्या बायकांच्या होतात आणि पट्टी केळ्यासारखी एका अंगाला वळते.

दांडे समांतर नसले तरी हेच होते. एका बाजूचे अंतर बोटभर जास्त असले की त्या बाजूच्या तारा लांब, म्हणजे विणताना सैल.

आणखी एक गोष्ट आहे, ती पहिल्यांदा ताणा ओढणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. एक तार जोर लावत नाही, पण दीडशे-दोनशे तारांचा एकत्रित जोर मेखांना आत खेचतो. मेखा केसभर कलतात. कलल्या की दांडे एकमेकांच्या जवळ येतात आणि सुरुवातीला ओढलेल्या तारा सैल पडतात. शेवटी ओढलेल्या मात्र ताठ राहतात, कारण त्या ओढल्या तेव्हा मेखा कललेल्याच होत्या. हाताने तसूभरही चूक केली नाही तरी ताणा एका बाजूला ढिला आणि एका बाजूला घट्ट होऊन बसतो. यावर उपाय दोन. एक, मेखा भरपूर खोल, बाहेरच्या बाजूला थोड्या तिरप्या ठोकायच्या. दोन, ताणा पुरा झाल्यावर लगेच विणायला न बसता तळहात सगळ्या तारांवरून फिरवायचा. सैल तार तळव्याला बरोबर कळते. धागा अजून अखंड असतो, म्हणून एका तारेतली ढील पुढच्या तारेत, तिच्यातली तिच्या पुढच्या तारेत, असे करत शेवटच्या टोकापर्यंत सरकवत नेता येते. हे काम कंटाळवाणे आहे. पण पहिला बाणा टाकला की ही सोय संपली.

गाठींचेही तसेच. गुंडा संपून नवा जोडायचा तर गाठ दांड्यापाशी यायला हवी. मध्येच गाठ आली तर ती शेजारच्या तारांना घासते, फट उघडताना अडते आणि एके दिवशी सुटते.

हे सगळे टिकते ते सुताला दिलेल्या पिळावर. सदूचे सूत टकळीवर कातून दोन पदरी केलेले, कडक पिळाचे असते. दाटीवाटीने बसलेल्या ताण्यात तारा एकमेकींना सतत घासतात. पीळ हलका असेल तर लोकर पिंजारते, शेजारणीला चिकटते आणि वरच्या-खालच्या तारा वेगळ्या होईनात. सूरह नहलच्याच ९२व्या आयतीत, मजबूत कातलेले सूत पुन्हा उकलून टाकणाऱ्या स्त्रीसारखे होऊ नका, असा दृष्टांत शपथा मोडणाऱ्यांसाठी आला आहे. ज्या समाजात प्रत्येक बाईच्या हातात टकळी होती, त्याला तो किती झोंबला असेल याची कल्पना आज यंत्राचे सूत विकत घेणाऱ्या आपल्याला नीट येत नाही. दिवसभराचा पीळ उकलणे म्हणजे दिवसच वाया जाणे.

अरबीत ताण्याला ‘सदा’ आणि बाण्याला ‘लुहमा’ म्हणतात. गंमत अशी की लुहमा या शब्दाचा दुसरा अर्थ नातेगोते असाही आहे. आपल्या ‘ताणाबाणा’ला असाच लाक्षणिक अर्थ आला आहे.

ताणा बसला की एक आड एक तारेला दोऱ्याचे फासे घालून ते एका काठीला बांधतात. ही काठी, ‘नीरा’, दोन बाजूंना दगडांवर टेकवतात. दगडांच्या जागी आता रिकामे डबेही दिसतात. फाशांतल्या तारा कायम उचललेल्या राहतात. उरलेल्या तारा नीरेच्या मागून हाताने दाबून किंवा उचलून वर-खाली केल्या की एकदा एक फट उघडते, एकदा दुसरी. फटीत लाकडाची रुंद पट्टी आडवी घालून उभी करायची, बाणा सारायचा, पट्टीने ठोकायचा आणि मग हरणाच्या शिंगाच्या टोकाने तारा-तारांमधून ओढून घट्ट बसवायचा. नीरेखालचे दगड किती उंच, यावरही ताण ठरतो. दगड फार उंच झाले तर उचललेल्या तारांवर जास्त ओढ बसते आणि त्या लांबतात. खालच्या तशाच राहतात. चार वितींनंतर दोन थरांचा ताण वेगळा झालेला असतो.

विणता विणता ताण आपोआप वाढतो, कारण तार आता सरळ न जाता बाण्याच्या वरून-खालून नागमोडी जाते आणि त्यात तिची लांबी खर्च होते. म्हणून कुशल बाई ताणा सुरुवातीपासूनच कचकचून ओढत नाही. लोकरीला थोडी लवचीकता राहू देते आणि मध्ये मध्ये दांड्याची दोरी किंचित सैल करते. ताण कमी पडला तर फट नीट उघडत नाही, तारा एकमेकींत अडकतात, पट्टी पसरते. जास्त झाला तर तार तुटते, किंवा त्याहून वाईट म्हणजे तुटत नाही, पण तिचा जीव जातो. मागावरून उतरलेली पट्टी मग आखडते आणि सुरकुतते.

सगळ्यात कसोटीची ती ‘शजरा’ नावाची नक्षी. ही पट्टीच्या मधोमध पांढऱ्या-काळ्या रंगात येते. प्रत्येक ओळीला विणणारी बाई बोटांनी निवडते की इथे पांढरी तार वर यावी की काळी. जी निवडली ती विणीत जाते, दुसरी पाठीमागे मोकळी तरंगत राहते. आता पाहा, विणीत जाणारी तार नागमोडी जाऊन लांबी खर्चते, पाठीमागची सरळ जाते आणि कमी खर्चते. एखाद्या आकृतीत पांढरा रंग फार आला आणि काळा थोडा, तर काही ओळींतच काळ्या तारा लोंबू लागतात आणि पांढऱ्या तटतटून येतात. त्यात पांढरे सूत आजकाल बऱ्याचदा सुती असते आणि काळी लोकर. सूत फारसे ताणत नाही, लोकर ताणते. सकाळी एकसारखा ओढलेला ताणा संध्याकाळपर्यंत दोन स्वभावांचा होतो. म्हणून जाणत्या बायका आकृत्या अशा योजतात की एका ठिकाणी दबलेला रंग पुढच्या ठिकाणी वर यावा. त्रिकोणाच्या पुढे उलटा त्रिकोण येतो तो नुसत्या शोभेसाठी नाही. त्यात तारांचा हिशेबही पुरा होतो. नक्षीचे पुस्तक पाहून सदू शिकणाऱ्यांना आकृती जमते आणि पट्टी मात्र वेडीवाकडी होते, त्याचे एक मोठे कारण हे असावे असे मला वाटते. पुस्तकात वरची बाजू छापलेली असते, पाठीमागे काय लोंबते आहे ते नाही.

मालेगाव-भिवंडीच्या वाचकांना यातले बरेच काही ओळखीचे वाटेल. १८५७ नंतर उत्तरेकडून मालेगावात आलेल्या मोमीन कुटुंबांनी खड्ड्याचे माग आणले. जमिनीतल्या ओलीमुळे खळ दिलेला सुती ताणा नरम राहतो, कोरड्या हवेत तो चटाचट तुटतो. खड्ड्यात बसून विणण्यामागे हेही एक कारण होते. ताण्याचा दोर मागून फिरवून विणकराच्या हाताशी बांधलेला असे. तो जागेवरून न उठता जरासा सैल करी, पुढचे वीतभर विणी. मोहल्ल्यातल्या गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणा पसरलेला असे आणि सायकलवाला उतरून कडेने जाई, हे सांगणारी वडीलधारी माणसे अजून आहेत.

यंत्रमागावर हेच काम वजने करतात. ताण्याच्या भीमाला दोर किंवा साखळी गुंडाळून तिच्या टोकाच्या दांडीला लोखंडी वजने टांगलेली असतात. त्यांच्या रेट्याने भीम सहजी फिरत नाही आणि ताणा ताठ राहतो. भीम भरलेला असताना तो जाड असतो. सूत संपत जाते तसा तो बारीक होतो आणि तेच वजन आता जास्त ताण देऊ लागते. कारागिराने वजन वेळच्या वेळी दांडीवर आत सरकवले नाही तर शेवटच्या गजांत तारा तुटायला लागतात, कापडाचा पोत बदलतो आणि व्यापारी ताग्याच्या शेवटाला बोट लावून दर पाडतो. वाळवंटातली बाई दोरी सैल करते, भिवंडीचा कारागीर वजन सरकवतो, आणि दोघांनाही वेळ झाली हे कळते ते तारेवर बोट ठेवून.

फरक आहे तो नावात. बद्दू घरात लोकर निवडण्यापासून पट्टी उतरवण्यापर्यंत सगळे बाईचे, आणि विणकरीण म्हणून नाव तिचेच. आपल्याकडे हातमागाच्या काळात कांड्या भरणे, लड उकलणे, ताणा मांडायला हात लावणे, खळ देणे ही कामे घरातल्या बायका-मुलींनी केली आणि विणकर म्हटला गेला तो मागावर बसलेला पुरुष. मजुरी कापडावर ठरली. कांडीची मजुरी त्यातच धरली गेली, म्हणजे धरलीच गेली नाही. कांडी सैल भरली तर धोट्यातून सूत भसकन सुटते आणि काठावर फासे पडतात, घट्ट भरली तर बाणा ओढला जाऊन कापड आवळते. कापडाचा काठ सरळ आला त्यात निम्मा वाटा कांडी भरणाऱ्या हाताचा होता. पण काठ पाहून शाबासकी मिळाली ती दुसऱ्यालाच. आपल्या घराण्याचा इतिहास लिहिणाऱ्या तरुणांनी आजोबा किती माग चालवत हे लिहावे, तसे त्या मागांना कांड्या कोण पुरवत होते तेही लिहावे.

सदूचे आज काय चालले आहे? तेल निघाले, बद्दू कुटुंबे शहरांत स्थिरावली, तंबू गेले आणि तंबूबरोबर पट्ट्यांची गरज गेली. २०११ साली युनेस्कोने अमिरातीमधल्या सदू विणकामाला तातडीने जपण्याजोग्या वारशाच्या यादीत घातले, कारण ही कला जाणणाऱ्या बहुतेक स्त्रिया वयस्क होत्या आणि मुली शाळा-कॉलेज-नोकरीकडे वळल्या होत्या. २०२० साली सौदी अरेबिया आणि कुवेत यांचा सदू मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या मुख्य यादीत आला. कुवेतमध्ये त्याआधीच, १९७९ पासून, ही कला वाचवण्याचे संघटित प्रयत्न सुरू झाले होते. कुवेत शहरात राष्ट्रीय संग्रहालयाजवळ ‘बैत अल-सदू’ आहे. कुवेतला नातेवाइकांकडे जाणाऱ्यांनी मॉलमधून वेळ काढून तिथे एक चक्कर जरूर मारावी.

या प्रयत्नांचे मोल मोठे आहे. तरी एक गोष्ट खटकते. नक्षी वाचली आहे, उलट जरा जास्तच; पेल्यांवर, मोबाइलच्या कव्हरांवर, कार्यक्रमांच्या पडद्यांवर ती छापलेली असते. धोक्यात आहे ती नक्षी नव्हे. धोक्यात आहे ते तळहाताने सैल तार शोधणे, मेख किती तिरपी ठोकायची हे ठरवणे, दगडाची उंची. ही माहिती पट्टीवर दिसत नाही, म्हणून काचेच्या कपाटात ठेवता येत नाही. पूर्वी ती येरझारा घालणाऱ्या मुलीला आपोआप मिळे. शेकडो वेळा गुंडा पोचवताना टोकाशी बसलेल्या आजीची बोटे ती पाहत असे, आणि चुकून धागा ओढून धरला की ओरडा खात असे. दोन दिवसांच्या शिबिरात आयता ताणा लावलेला छोटा माग समोर ठेवला जातो आणि शिकणारी थेट विणायलाच बसते. हा सोपा मार्ग आहे. पण मग तिला शिकायचे होते ते तिच्यासाठी दुसऱ्याच कुणी तरी करून ठेवलेले असते.

सुट्टीत घरातल्या मुलांना हे करून पाहायचे असेल तर माग विकत घ्यायची गरज नाही. एक मजबूत टेबल उलटे करावे आणि त्याच्या लांबीच्या दोन पायांवर ताणा ओढावा. दोन खुर्च्यांवर ओढू नये. त्या एकमेकींकडे सरकतात आणि वर सांगितलेला मेखांचा घोटाळा डोळ्यांसमोर घडतो (मुलांना तो मुद्दाम दाखवायचा असेल तर गोष्ट वेगळी). क्रोशाचा जाडसर, गुळगुळीत सुती दोरा घ्यावा. पहिल्या खेपेला लोकर नको, ती चिकटते. आठच्या आकड्यात २० फेरे घातले की ४० तारा होतात. दोरा एक मिलिमीटर जाडीचा असेल तर पट्टी साधारण दोन सेंटीमीटर रुंद होईल, कारण एका वेळी निम्म्या तारा वर आणि निम्म्या खाली असतात. दोन्ही कडांच्या चार-चार तारा एका रंगाच्या ठेवाव्यात आणि बाणाही त्याच रंगाचा घ्यावा, म्हणजे वळणावर तो उठून दिसत नाही.

फेरे पुरे झाले की फुलीच्या दोन्ही बाजूंना एक-एक पेन्सिल घालून दोन्ही टोके एकमेकींना बांधावीत, मगच ताणा टेबलावरून काढावा. फुली विस्कटली तर सगळे पुन्हा. एका थरातल्या २० तारांना दोऱ्याचे फासे घालून ते तिसऱ्या काठीला बांधले की नीरा तयार. ताण्याचे एक टोक खिडकीच्या गजाला बांधावे आणि दुसरे ओढणीने स्वतःच्या कमरेला. आता ताण आपल्या अंगात आहे. मागे रेलले की वाढतो, पुढे झुकले की कमी होतो. फट उघडताना थोडे पुढे यावे, बाणा ठोकताना मागे रेलावे. ही लय पंधरा-वीस ओळींत अंगवळणी पडते. ठोकायला लाकडी फुटपट्टी पुरते. बाणा सारल्यावर तो ओढून घेण्याचा मोह होतो, विशेषतः मुलांना, आणि पट्टी हळूहळू कमरेत बारीक होत जाते. म्हणून एका जाड कागदावर सुरुवातीच्या रुंदीची खूण करून ठेवावी आणि दर चार बोटांनी ती पट्टीला लावून पाहावी.

मीटरभर ताण्यातून मीटरभर पट्टी निघत नाही. तारांच्या नागमोडी वाटेत थोडी लांबी जाते आणि शेवटी फट उघडेनाशी झाली की वीतभर ताणा तसाच सोडावा लागतो. पिशवीचा बंद करायचा असेल तर तेवढा हिशेब आधीच धरावा. सुरुवातीचा वीतभर भाग वाकडा येईल. तो उसवू नये. पट्टी पुरी झाल्यावर ती जमिनीवर सपाट टाकून मुलांसोबत पाहावे: ती कोणत्या अंगाला वळली आहे, आणि ताणा ओढताना त्या बाजूला कोण बसले होते.